लिंबावरच्या देवी

“डावा दंड दाखवा,” ते म्हणाले.

मी खोली बघायला गेलो होतो. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा सुमार असेल. नाशिकला शेतीच्या कामकाजाशी संबंधित एका सरकारी ऑफिसात मी नुकताच क्लार्क म्हणून लागलो होतो आणि येवल्याकडच्या गावाहून एक ट्रंक घेऊन आलो होतो. त्याआधी तीन ठिकाणी खोल्या बघून झाल्या होत्या. तिन्ही खोल्या माझं आडनाव कळेपर्यंत रिकाम्या होत्या. ते कळल्यावर एका मालकाला पुतण्या येणार असल्याचं आठवलं, दुसऱ्याला छताची दुरुस्ती आठवली, आणि तिसऱ्याच्या बायकोनं आतूनच “नाही म्हणावं” असं सांगितलं. त्यामुळे द्वारका चौकाजवळच्या त्या गल्लीत शिरताना मी आडनाव ओठांवर तयारच ठेवलं होतं. एकदाचं सांगावं आणि मोकळं व्हावं.

या गृहस्थांनी ते विचारलंच नाही. दार उघडलं, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि दंड दाखवायला सांगितलं. मी गोंधळून बाही वर केली. त्यांनी खिशातून भिंग काढलं, देवी काढल्याच्या माझ्या दोन खुणांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “छान उठल्यात. कोणी काढल्या? हात चांगला होता त्या माणसाचा. खोली वर आहे. पाणी सकाळी सहाला येतं.”

एवढीच आमची मुलाखत. आडनाव त्यांना कळलं ते दोन महिन्यांनी, माझं गावाकडचं पत्र त्यांच्या हातात पडलं तेव्हा. “तुमचं पत्र,” असं म्हणून त्यांनी ते माझ्याकडे दिलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसले.

ते देवी टोचणारे होते. सरकारी कागदावर हुद्दा काहीतरी वेगळा होता, पण पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात त्यांना सगळे देवीडॉक्टर म्हणत. जवळजवळ तीस वर्षं त्यांनी तो मुलूख पायी तुडवला. शेवटच्या काही वर्षांत टोचण्यापेक्षा शोधण्याचं काम जास्त होतं. अंगभर फोड आलेल्या एका मुलाचं रंगीत चित्र घेऊन आठवड्याच्या बाजारात उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचं, “असं कोणी बघितलंय का?” मग एक वेळ अशी आली की कोणीच बघितलेलं नव्हतं. रोग गेला, साऱ्या देशातून गेला. त्यांच्या ऑफिसात पेढे वाटले. त्यांनाही दोन मिळाले. पुढे लवकरच ते निवृत्त झाले.

“आनंद मलाही झाला,” ते मला एकदा म्हणाले. “पण डोळ्यांना कोण सांगणार? ते आपले शोधतच राहिले.”

एका रविवारी गंगापूर रोडनं जाताना रस्त्याकडेच्या नर्सरीत त्यांना कागदी लिंबाचं रोप दिसलं. पानांवर बारीक, खरखरीत, तपकिरी पुटकुळ्या आणि प्रत्येकीभोवती पिवळं कडं. “मी तिथंच थांबलो,” ते सांगत. “म्हटलं, अरे, ह्या तर देवीच की!” नर्सरीतला माळी म्हणाला, खैऱ्या हाय तो, लिंबाला व्हतोच, पान तोडून टाकलं की झालं. त्यांनी वाचनालयातून पुस्तकं आणली, चष्म्याचा नंबर वाढेपर्यंत वाचली. लिंबाचा खैऱ्या, गुलाबाचे काळे ठिपके, पपईचा केवडा, द्राक्षाच्या कलमांच्या मुळांवरच्या गाठी. पावसाचा थेंब एका पानावरून दुसऱ्यावर उडाला की रोग पसरतो, माळ्याच्या हातानं पसरतो, कात्रीनं पसरतो. हे सगळं त्यांना ओळखीचं होतं. मग दर रविवारी ते नर्सऱ्या बघायला निघू लागले.

सकाळी आठला निघायचे. खाकी पिशवी, भिंग, स्पिरिटची बाटली, कापूस, पेन्सिल. एका रोपाला हात लावला की दुसऱ्याला लावण्याआधी बोटं स्पिरिटनं पुसायचे. पान तोडायचे नाहीत. दोन बोटांनी हलकेच उलटं करायचे, एखाद्या पोराची हनुवटी वर करावी तसं. नर्सरीवाले हुशार. विकायच्या आधी ठिपक्यांची पानं खुडून टाकत. पण यांची नजर पानावर नसायचीच. पान जिथून खुडलं त्या ताज्या खुणेवर असायची.

“हे पान का तोडलंत?”

“वाळलं होतं काका.”

“वाळलेलं पान आपणहून गळतं. ते तोडावं लागत नाही.”

डोंगरातल्या आया पोराच्या अंगावरचे फोड झाकायला हळद फासत, तसंच हे, असं त्यांचं म्हणणं. “लपवणारा वाईट नसतो,” ते म्हणत. “घाबरलेला असतो. म्हणून रागवायचं नाही. पण कळवायचं.”

आणि कळवायचे ते अगदी जुन्या शिरस्त्यानं. देवीच्या रुग्णाची माहिती ज्या रकान्यांत भरत, तेच रकाने ते पोस्टकार्डावर आखत. रुग्णाचं नाव: कागदी लिंबू. वय: एक वर्ष. राहण्याचं ठिकाण: अमुक रस्त्याची नर्सरी, डावीकडून तिसरा वाफा. लक्षणं. संपर्कात आलेले: शेजारची मोसंबी, चाळीस रोपं. खाली सही. मी ज्या ऑफिसात होतो तिथंच ही कार्डं जायची, आणि टपाल घेण्याचं टेबल माझंच होतं. हे कळल्यावर त्यांनी पोस्टात टाकणं बंद केलं. सोमवारी सकाळी मी जिना उतरलो की ते दारात उभे. “साहेबांना द्या,” म्हणत हातात कार्ड ठेवायचे. संध्याकाळी विचारायचे, “दिलंत?”

सुरुवातीला मी देत होतो. साहेब हसून सही करत आणि कार्ड फायलीत जाई. ऑफिसात त्या फायलीला ‘देवीची फाईल’ म्हणू लागले. मग मला ‘देवीचा भगत’ म्हणू लागले. सोमवारी मी आत आलो की कोणीतरी विचारायचं, “काय भगत, आज कोणाला आल्या?” मी हसायचो. नवीन नोकरीत माणूस बऱ्याच गोष्टींना हसतो.

संपर्काचं त्यांना फार होतं. रोगी रोप विकलं गेलं तर ते कोणाकडे गेलं हे शोधल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही. एकदा नवंच लग्न झालेलं जोडपं गुलाबाची दोन रोपं घेऊन रिक्षात बसलं. यांनी सायकल काढली आणि रिक्षामागं थेट कॉलेज रोडपर्यंत गेले. दार वाजवलं. मुलीनं उघडलं.

“तुमच्याकडे आत्ता दोन गुलाब आलेत,” हे म्हणाले.

“हो?”

“त्यांतल्या एकाची तब्येत बरी नाही. दुसऱ्यापासून लांब ठेवा. मी पुढच्या रविवारी येऊन बघतो.”

आणि खरंच गेले. पुढच्याही रविवारी, त्याच्याही पुढच्या. चौथ्या खेपेला तिच्या नवऱ्यानं नम्रपणे सांगितलं की गुलाब आता बरा आहे, तुम्ही त्रास घेऊ नका. हे घरी आले आणि मला म्हणाले, “चहा चांगला करायची ती मुलगी.” मग बराच वेळ सायकलची चेन पुसत बसले.

त्यांच्याकडे कोणी येत नसे. बायको फार पूर्वी मालेगावला भावाकडे निघून गेली होती. ‘जगाच्या पोरांचे दंड बघणाऱ्याला घर कशाला हवं’ असं बोलून गेली, आणि तिकडेच वारली. मूलबाळ नव्हतं. अंगण होतं, चांगलं ऐसपैस, दिवसभर उन्हाचं. पण त्यात एक झाड नव्हतं. तुळससुद्धा नाही. मी एकदा गावाहून झेंडूची रोपं आणली तर त्यांनी हात जोडले. “नको. मी दर रविवारी रोग्यांतून फिरून येतो. माझ्या कपड्यांवर काय असेल सांगता येत नाही. माझ्या दारात झाड ठेवणं बरं नव्हे.” ती रोपं मी शेजारी देऊन टाकली. संध्याकाळी ते भिंतीपलीकडं त्या झेंडूंकडे बघत उभे राहायचे, चार हात लांब.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो.

मी आलो त्याच्या पुढच्या वर्षी श्रावणात त्यांनी एक कार्ड दिलं आणि दिल्यावरही हात सोडला नाही. मखमलाबादकडच्या एका नर्सरीत लिंबाचे सगळे वाफे खैऱ्यानं भरले होते. आणि ती रोपं विक्रीची नव्हती. पेठच्या बाजूच्या पाड्यांवर फुकट वाटण्यासाठी कुठल्याशा मंडळानं ती घेतली होती. गुरुवारी ट्रक भरणार होता.

“तिकडं अजून खैऱ्या नाही,” ते म्हणाले. “मी तो भाग ओळखतो. घराघरामागं एखादं गावठी लिंबू आहे, निरोगी. एकदा शिरला की गेलं सगळं. साहेबांना आजच दाखवा. आजच.”

मी हो म्हणालो. त्या आठवड्यात नवे साहेब आले होते. माझी नोकरी कायम होण्याचा कागद त्यांच्या टेबलावर होता. सोमवारी सकाळी मी कार्ड घेऊन केबिनच्या दारापर्यंत गेलो. मागून कोणीतरी म्हणालं, “भगत निघाले.” आत नवे साहेब कोणाशी तरी मोठ्यानं बोलत होते. मी परत फिरलो आणि कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं. म्हटलं, उद्या देऊ. मंगळवारी साहेब दौऱ्यावर. बुधवारी मी विसरलो असं म्हणता येणार नाही. मला आठवत होतं. मी ड्रॉवर उघडला नाही, इतकंच.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, “दिलंत?”

“दिलं काका. बघतो म्हणाले.”

गुरुवारी संध्याकाळी मी घरी आलो तर ते पायरीवर बसले होते. चष्म्याची एक काच गेलेली, कोपर सोललेलं, सदऱ्याला चिखल. सकाळी ते नर्सरीवर जाऊन ट्रकसमोर उभे राहिले होते. मालकानं आधी समजावलं, मग हात धरून बाजूला केलं, आणि हे पुन्हा समोर जाऊन उभे राहिले तेव्हा कोणीतरी ढकललं. ट्रक निघून गेला.

“मला वाटत होतं तुमच्या ऑफिसचं कोणी येईल,” ते म्हणाले. तक्रार म्हणून नाही. नुसतं सांगितलं.

मी कापूस आणला. त्यांच्याच बाटलीतलं स्पिरिट त्यांच्या कोपराला लावलं. ते म्हणाले, “मी शनिवारी पेठला जातोय.”

“मी येतो,” मी म्हणालो. ते चकित होऊन माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्याबरोबर कुठं जायला आजवर कोणी तयार झालं नसावं.

एसटी घाट चढून गेली तेव्हा धुकं होतं. पेठला उतरून आम्ही चालू लागलो. कोणत्या पाड्यावर किती रोपं गेली हे त्यांनी मंडळाच्या एका माणसाकडून काढून आणलं होतं. खाचरांत भाताची आवणी चालली होती, बाया कमरेत वाकून ओळीनं रोपं लावत होत्या. यांना बघून एक उभी राहिली, दुसरी उभी राहिली, आणि बघता बघता बांधावरून हाक गेली, “देवीवाला आला रे!” काही पोरं खरोखरच पळाली. त्यांना तो काळ आठवतही नसणार. मोठी माणसं पळायची, तेव्हा पळायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

ते प्रत्येक घरासमोर उभे राहून सांगत, “परवा मिळालेलं लिंबू आजारी आहे. ते उपटून द्या. जबरदस्ती नाही. पण ठेवलंत तर तुमचं जुनं झाडही मरेल.” फुकट मिळालेली एकमेव वस्तू परत मागायला शहरातून दोन माणसं आलेली. लोक कशाला देतील? “आमाला नाय भेटलं,” म्हणायचे. एका घरामागं जमिनीवर पावसात पांघरायचं इरलं पालथं घातलेलं होतं आणि त्याच्या कडेनं हिरवं पान बाहेर डोकावत होतं. मी बोट दाखवणार तोच त्यांनी माझा हात खाली केला. “पोरंसुद्धा अशीच झाकायचे,” ते हळूच म्हणाले. ते त्या इरल्यासमोर उकिडवे बसले आणि अर्धा तास घरधन्याशी नागलीच्या पिकाबद्दल बोलत राहिले. शेवटी त्या माणसानं आपणहून इरलं उचललं.

दोन दिवसांत आम्ही चार पाडे केले. अर्धीअधिक रोपं मिळाली. ती तिथंच ढीग करून, रॉकेल शिंपडून, पावसाच्या झिमझिमीत जाळली.

चौथ्या पाड्याची वाट सुरू झाली तिथं ते थांबले. वर दहा-बारा घरं दिसत होती. म्हणाले, “तुम्ही जाऊन या.”

“मला कोण ओळखतंय काका? माझं कोण ऐकणार?”

त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग चढू लागले.

पहिल्याच घरासमोर एक म्हातारी सूप घेऊन बसली होती. तिनं मान वर केली, डोळे बारीक केले. “तू देवीवाला ना?”

“हो.”

“लय वर्सांनी आला.”

“हो.”

“माजी दोन गेली तवा. तू कागदावर लिवून गेला. मंग नाय आला.”

मला काहीच कळेना. ते उभेच होते. मग खाली बसले, तिच्यासमोर, ओल्या जमिनीवर.

“आलो होतो,” ते म्हणाले. “खालच्या वाटेपर्यंत आलो होतो. वर चढलो नाही.”

म्हातारी सुपातले दाणे बघत राहिली. हळूहळू, त्यांच्या तुटक बोलण्यातून मला समजलं. सव्वीस वर्षांपूर्वी, अशाच पावसात, ते या पाड्यावर आले होते. एक मुलगी तापानं झोपली होती, घोंगडीत गुंडाळलेली. छातीवर पुरळ होतं. नदीला पाणी चढत होतं, दिवस कलत होता, ते दमलेले होते. देवीचे फोड तळव्यांवरही उठतात, कांजिण्यांचे सहसा नाही; पण त्यांनी तळवे बघितले नाहीत, तळपाय बघितले नाहीत. कांजिण्या असं लिहिलं आणि उतरले. पुढच्या महिन्यात पाड्यावरची पाच पोरं गेली. वरून कोणी चौकशी केली नाही. कागदावर कांजिण्याच होत्या, आणि ते लिहिणाऱ्यानं खोडलं नाही.

“झाडाला पन देवी येती का?” म्हातारीनं विचारलं.

“येते.”

“टोचत नाय का त्येला?”

“याला लस नाही, आई. उपटायचं आणि जाळायचं.”

ती उठली. घरामागं गेली आणि दोन्ही रोपं मुळासकट घेऊन आली. आमच्या हातात दिली नाहीत. आत जाऊन चुलीत घातली. मग बिनदुधाचा चहा आणून दोघांसमोर ठेवला. तिनं त्यांना माफ केलं की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. तिनं चहा दिला. त्यांनी तो संपवला आणि पेला स्वतः धुऊन ठेवला.

पेठच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना मला राहवलं नाही. “काका,” मी म्हणालो, “ते कार्ड साहेबांपुढं गेलंच नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.”

ते माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. गाडी आली, आम्ही चढलो. घाट अर्धा उतरल्यावर ते बोलले.

“तुम्ही सात दिवसांत सांगितलंत.” आणि घाट संपता संपता, “मला सव्वीस वर्षं लागली. तीही तिनं ओळखलं म्हणून.”

नाशिकला उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. म्हणाले, “तुमच्यावर राग नाही. पण आता टपाल टपालानंच जाऊ दे.”

त्यानंतर सोमवारी ते दारात उभे राहिले नाहीत. मी वर राहत होतो, ते खाली. त्यांचं कार्ड गल्लीच्या टोकाच्या पेटीतून पोस्टात जाई, तिथून शिक्के खात दोन दिवसांनी माझ्या टेबलावर येई. मी ते त्याच क्षणी उचलून केबिनमध्ये नेई. कोणी भगत म्हणालं तरी थांबत नसे. घरी आल्यावर ते विचारत, “जेवलात का?” मी म्हणे, “जेवलो.” दिलंत का, हे त्यांनी पुन्हा कधीच विचारलं नाही. ते विचारतील म्हणून मी किती संध्याकाळी जिन्यात रेंगाळलो असेन.

एकदा मात्र एका तरुण अधिकाऱ्यानं कार्ड नीट वाचलं आणि उठून नर्सरी बघायला गेला. दोनशे रोपं उपटून जाळायला लावली. मी पळतच घरी येऊन सांगितलं. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, सायकल काढली, आणि नर्सरीच्या समोरच्या रस्त्यावर उभे राहून आले.

“आत नाही गेलात?”

“कशाला? धूर दिसला. पुरे.”

त्र्याऐंशीच्या सुमारास माझी बदली धुळ्याला झाली. ते दिवाळीला एक पत्र लिहीत, मी एक लिहीत असे. त्यांचं अक्षर मोठं होत गेलं, मग ओळी एकमेकींवर चढू लागल्या, मग पत्र शेजाऱ्याच्या हातचं आलं: काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, औषधाचा उपयोग नाही. त्यानंतर दीड वर्षानं ते गेल्याचं पत्र आलं, तेही त्याच शेजाऱ्याचं. पण त्या दोन पत्रांच्या मधे मी एकदा नाशिकला जाऊन आलो.

शनिवारी रात्री पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते पिशवी खांद्याला लावून तयार. “चला. आज रविवार.”

मी त्यांचं कोपर धरून मखमलाबाद रस्त्याच्या त्याच नर्सरीत नेलं, जिथून तो ट्रक निघाला होता. मला वाटलं होतं हाकलून देतील. पण मालक स्वतः पुढं आला. आता त्याचेही केस पिकले होते. “या काका, या,” म्हणत त्यानं सावलीत खुर्ची टाकली. चहा मागवला. माळ्यानं लिंबाची एक कुंडी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी बोटं पुसली, एकेक पान दोन बोटांत धरलं, अंगठ्यानं वरून-खालून चाचपलं. शेवटच्या पानापर्यंत.

“स्वच्छ हाय ना काका?” माळी म्हणाला.

“स्वच्छ आहे,” ते म्हणाले.

“आपल्याकडं सगळंच स्वच्छ असतं आता. तुमच्या कृपेनं,” मालक म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे वळला. त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. म्हाताऱ्या माणसाचा मान राखावा, तसा तो राखत होता.

माळी लांब गेल्याची चाहूल घेऊन ते माझ्याकडे झुकले.

“दर रविवारी शेजारी घेऊन येतो, आणि मला हीच कुंडी देतात,” ते म्हणाले. “तळाला चीर आहे. बोटाला लागते.”

“मग तुम्ही त्यांना सांगत का नाही?”

“सांगितलं तर खुर्ची देणार नाहीत,” ते म्हणाले. “वर्ष झालं, सगळे मला स्वच्छच सांगतात. शेजारी सांगतो, हा सांगतो. तुम्हाला दिसतंय ना? बाकीचे वाफे बघून या.”

मी उठलो. लिंबाचे वाफे मागच्या बाजूला होते. मी वाकून एक पान उलटं केलं, दुसरं केलं. पुढच्या वाफ्यात गेलो. मालक गिऱ्हाइकाशी बोलता बोलता थांबला आणि माझ्याकडे बघू लागला. मी परत खुर्चीपाशी आलो तेव्हा तोही तिथं येऊन उभा राहिला होता. त्यानं माझ्याकडे बघत मान हलवली, अगदी थोडी. राहू द्या ना साहेब, म्हातारा माणूस आहे, असं त्याला म्हणायचं होतं. त्यात वाईट काही नव्हतं.

“आहेत काका,” मी मोठ्यानं म्हणालो. “तिसऱ्या वाफ्यात कडेनं, आणि चौथा जवळजवळ सगळाच. पानंही खुडलेली आहेत.”

त्यांनी मांडीवरची कुंडी सांभाळून खाली ठेवली आणि ताठ बसले. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्यांच्याशी बोललं होतं, असा त्यांचा चेहरा झाला.

“कधीपासून आहेत, ते विचारा त्यांना,” ते म्हणाले.

मी मालकाकडे वळलो आणि विचारलं.